रक्ताला विचारून

महाधमनीवरच्या तातडीच्या शस्त्रक्रियेत रक्ताकडून एकाच दिवशी दोन उलट मागण्या कराव्या लागतात. आधी काही तास त्याने अजिबात साकळायचे नाही. मग, काम संपत आले की, थोड्याच वेळात त्याने व्यवस्थित साकळायचे. पहिली मागणी पुरी झाली नाही तर हृदय-फुप्फुस यंत्राच्या नळ्यांत गुठळ्या होतात. दुसरी पुरी झाली नाही तर नुकत्याच शिवलेल्या प्रत्येक टाक्यातून रक्त झिरपत राहते. ज्याचे हे रक्त, तो भूल दिलेल्या अवस्थेत टेबलावर आहे. त्याला काही विचारायची सोय नाही.

मी डॉक्टर आहे ती पीएचडीवाली. अर्विंगमध्ये राहते, डॅलस भागातल्या एका प्रयोगशाळेत पोस्टडॉक आहे आणि रक्ताच्या गुठळीचा घट्टपणा कसा मोजावा यावर काम करते. इथल्या कुठल्याही मराठी पॉटलकमध्ये ‘म्हणजे नेमके काय करतेस?’ हा प्रश्न येतोच, आणि उत्तर दिले की काका लोकांपैकी कुणीतरी पुढचा प्रश्न विचारते, ‘पण माणूस मरायला टेकलेला असताना मोजत कोण बसणार?’ हा प्रश्न मला वाटतो त्याहून जास्त नैतिक आहे. घाईच्या वेळी थांबून मोजणे हे कर्तव्य आहे, की ती चैन आहे?

आधी घाई किती खरी ते पाहू. महाधमनी ही हृदयातून निघणारी सर्वांत मोठी रक्तवाहिनी. तिच्या भिंतीला तीन पदर असतात. आतला पदर फाटला की रक्त पदरांच्या मधे घुसते आणि जुन्या गोधडीसारखी भिंत उसवत जाते. हृदयाला लागून असलेल्या भागात हे झाले आणि शस्त्रक्रिया झाली नाही, तर पहिल्या दोन दिवसांत दर तासाला १ ते २ टक्के रुग्ण दगावतात असा आकडा वर्षानुवर्षे सांगितला जात होता. अनेक देशांच्या सामाईक नोंदवहीतून २०२२ मध्ये आलेल्या हिशेबात तो तासाला सुमारे अर्धा टक्का निघाला. तरीही दोन दिवसांत साधारण चारातला एक. काळ दारात उभा असतो, हे काही अलंकारिक बोलणे नव्हे.

शस्त्रक्रियेत आधी हेपॅरिन देऊन रक्त साकळणे थांबवतात. हे औषध डुकराच्या आतड्यापासून काढतात. ते पुरेसे लागू झाले का, हे पाहण्यासाठी ‘अॅक्टिव्हेटेड क्लॉटिंग टाइम’ ही चाचणी टेबलाशेजारीच होते. पॉल हॅटर्सली यांनी ती १९६६ मध्ये मांडली. एरवी साधारण १०० ते १२० सेकंदांत साकळणारे रक्त ४८० सेकंदांपर्यंत साकळू नये, असा बऱ्याच ठिकाणचा दंडक आहे. त्याशिवाय यंत्र सुरू करत नाहीत. मग रुग्णाचे शरीर थंड करतात, कारण धमनीची कमान शिवताना काही वेळ शरीराच्या मोठ्या भागाचा रक्तपुरवठा बंद ठेवावा लागतो. शिवून झाले की शरीर पुन्हा उबदार करायचे आणि हेपॅरिनवर उतारा म्हणून प्रोटामिन द्यायचे. हे मूळचे सामन माशाच्या शुक्रपेशींतले प्रथिन. गंमत अशी की प्रोटामिन जास्त झाले तर तेही साकळण्यात अडथळा आणते. उताऱ्यालाही माप लागते.

इथे खरा पेच सुरू होतो. उतारा दिला, तरी रक्त झिरपतेच आहे. का? हेपॅरिन उरले असेल. तासन् तास यंत्रातून फिरून प्लेटलेट्स थकल्या असतील. फायब्रिनोजेन, म्हणजे गुठळीचे धागे ज्यापासून बनतात ते प्रथिन, संपले असेल. झालेली गुठळी विरघळत असेल. शरीर अजून थंड असेल. किंवा या सगळ्यांतले काहीच नसून एखादा टाका सुटला असेल, आणि मग कितीही पिशव्या चढवल्या तरी उपयोग नाही, सुईदोराच हवा. नेहमीच्या प्रयोगशाळेकडे नमुना पाठवला तर उत्तर यायला पाऊण तास सहज जातो. तेवढ्यात रुग्णाच्या अंगातले रक्त इतके बदललेले असते की आलेले उत्तर भूतकाळाविषयी असते.

म्हणून अनेक वर्षे जगभर जी पद्धत चालली तिला आपल्याकडे चपखल शब्द आहे: अंदाजपंचे दाहोदरसे. चार पिशव्या प्लाझ्मा, दोन प्लेटलेट्स, थोडे हे, थोडे ते. यात हलगर्जीपणा नव्हता. समोर माणूस जात असताना हात बांधून बसण्यापेक्षा काहीतरी करणे बरे, ही भावना आपल्या सगळ्यांच्या ओळखीची आहे.

याला पर्याय जुनाच आहे. १९४८ मध्ये हेल्मुट हार्टर्ट या जर्मन वैद्याने एक उपकरण मांडले. लहानशा पेल्यात थोडे रक्त घ्यायचे, त्यात एक पिन टांगायची आणि पेला किंचित डावी-उजवीकडे हलवत राहायचे. रक्त पातळ आहे तोवर पिन स्थिर राहते. गुठळीचे धागे तयार होऊ लागले की ते पिनेला पेल्याशी बांधतात आणि तीही हलू लागते. ही हालचाल कागदावर उतरवली की तुतारीसारखी आकृती मिळते. आधी सरळ दांडी, मग रुंदावत जाणारे तोंड. दांडी लांब राहिली तर साकळायला उशीर होतो आहे. तोंड अरुंद राहिले तर धागे किंवा प्लेटलेट्स कमी आहेत. रुंदावून पुन्हा निमुळते होत गेले तर गुठळी विरघळते आहे. आजची यंत्रे हीच कल्पना सुधारून शस्त्रक्रियागृहात किंवा शेजारच्या खोलीत ठेवलेली असतात. दहा मिनिटांच्या आकृतीवरूनही पुष्कळ कळते.

यावरचा पहिला आक्षेप अनुभवी शल्यविशारदाचा असतो, आणि तो मी आदराने ऐकते. हातच्या कंकणाला आरसा कशाला? रक्त वाहते आहे हे डोळ्यांना दिसते, त्याला आलेख कशाला हवा? पण वाहते आहे हे डोळ्यांना दिसते. का वाहते आहे ते दिसेलच असे नाही. वर सांगितलेल्या कारणांपैकी बरीचशी वरून सारखीच दिसतात आणि प्रत्येकावर उपाय वेगळा आहे. चुकीचा उपाय निरुपद्रवी असता तर प्रश्न नव्हता. प्लाझ्मा भरमसाट दिला तर फुप्फुसांत पाणी साचू शकते. साकळण्याची औषधे गरज नसताना दिली तर गुठळी नको तिथे, मेंदूत किंवा हृदयाच्या धमनीत होऊ शकते. डोळ्यांना आलेखाची मदत हवी ती एवढ्यासाठीच. अनुभव सांगतो की अशा रुग्णांत बहुधा काय होते. या रुग्णात आत्ता काय होते आहे, हे त्यालाच विचारावे लागते, आणि तो बेशुद्ध असताना त्याच्या वतीने बोलू शकते ते त्याचे रक्त.

मोजण्याला मी विचारणे म्हणते ते याच अर्थाने. सरसकट नियम वेळ वाचवतात. ते वाईट नसतात. पण नियम सगळ्यांच्या सरासरीशी बोलतो, माणसाशी नाही. याचे सर्वांत चांगले उदाहरण आपल्याच परळमध्ये घडले. ‘ओ’ गटाचे रक्त कुणालाही चालते, हा नियम शाळेतली मुलेही सांगतात. १९५२ मध्ये केईएम रुग्णालयातले डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात अशा माणसांची नोंद केली की ज्यांचे रक्त नेहमीच्या तपासणीत ‘ओ’सारखे दिसे, पण ‘ओ’ रक्ताशीही जुळत नसे. तोच पुढे ‘बॉम्बे ब्लड ग्रुप’ म्हणून जगाला माहीत झाला. या गटाच्या माणसाला साधे ‘ओ’ रक्त दिले तर जिवावर बेतू शकते. भारतात तो साधारण दहा हजारांत एकाचा असतो. म्हणजे नियम दहा हजारांत ९,९९९ वेळा बरोबर ठरेल. प्रश्न त्या एकाचा आहे, आणि तो एक कोण हे चेहऱ्यावरून कळत नाही. देण्याआधी जुळवून पाहणे ही सवय केवळ तंत्राचा भाग नाही. समोरचा तो एक असू शकतो, एवढे मानण्याचे सौजन्य त्यात आहे.

दुसरा आक्षेप जास्त अवघड आहे. मोजून माणसे वाचतात का? कॅनडात १२ रुग्णालयांनी हृदयशस्त्रक्रियांमध्ये अशा जागच्या जागी करायच्या चाचण्या टप्प्याटप्प्याने सुरू केल्या आणि ७,४०२ रुग्णांचा हिशेब २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. तांबड्या पेशी कमी लागल्या, प्लेटलेट्स कमी लागल्या, मोठा रक्तस्राव कमी झाला. पण मृत्यूंच्या प्रमाणात स्पष्ट फरक दिसला नाही. हे सगळे तातडीच्या महाधमनीचे रुग्ण नव्हते, हे खरे. तरी कुणी म्हणू शकेल, मग एवढा आटापिटा कशासाठी?

मला वाटते, या आक्षेपात टेबलावरचा एकच माणूस मोजला जातो. खोलीत आणखी माणसे असतात, दिसत नाहीत एवढेच. प्रत्येक पिशवी कुणाच्या तरी दंडातून आलेली असते. प्लेटलेट्स पाच ते सात दिवसच टिकतात, तांबड्या पेशी ४२ दिवस. आमच्या भागातल्या रुग्णालयांना रक्त पुरवणारी कार्टर ब्लडकेअर ही संस्था अर्विंगजवळच बेडफर्डला आहे. तिथे जाऊन खुर्चीत बसणाऱ्याला आपली पिशवी कुठे गेली हे कळत नाही. आपल्यापैकी बरेचजण भारतात जाऊन आले की मलेरियाच्या नियमामुळे सहसा तीन महिने रक्त देऊ शकत नाहीत, म्हणजे इथे देणाऱ्यांत आपली अनुपस्थिती दुसऱ्या कुणीतरी भरून काढलेली असते. भारतात तर सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६ च्या निकालानंतर पैसे घेऊन रक्त देणे बंद झाले. रक्त हे विकत घेण्याची वस्तू नसून दान आहे, असे आपण कायद्यानेच ठरवले. मग दान घेणाऱ्यावर काही जबाबदारी येते की नाही? पंगतीत जेवढे खाल तेवढेच वाढून घ्या, असे आपल्या आज्या सांगत. ते अन्नाबद्दल होते, पण पाठीमागच्या पंगतीबद्दलही होते. न मोजता चढवलेली प्लेटलेट्सची पिशवी कदाचित या रुग्णाचे नुकसान करणार नाही. त्याच रात्री बाळंतपणात रक्त गेलेल्या बाईला ती लागली असती.

मोजण्याची एवढी बाजू घेतल्यावर तिची मर्यादाही सांगायला हवी, नाहीतर आकड्याची पूजा सुरू होते. ही पूजा पाहायची असेल तर पावसाळा संपता संपता पुण्या-मुंबईत जावे. डेंग्यूच्या दिवसांत घराघरांत प्लेटलेट्सचा आकडा शेअर बाजारासारखा सांगितला जातो. सकाळी ६०,०००, संध्याकाळी ४५,०००, आणि नातेवाईक रक्तपेढ्यांच्या पायऱ्या झिजवतात, कुणी पपईच्या पानांचा रस आणतात. रक्तस्राव होत नसेल तर साधारण १०,००० च्या खाली जाईपर्यंत प्लेटलेट्स चढवण्याची गरज नसते, असे भारताची राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वेच सांगतात. डेंग्यूत अधिक भीती असते ती रक्तवाहिन्यांतून द्रव बाहेर झिरपून रक्तदाब कोसळण्याची. पण तो आकडा कागदावर ठळक छापलेला नसतो. आपण ठळक छापलेल्याशी बोलत राहतो आणि माणूस बाजूला राहतो.

याहून गंभीर उदाहरण अॅप्रोटिनिन या औषधाचे. हृदयशस्त्रक्रियेत रक्तस्राव कमी करणारे औषध म्हणून ते वर्षानुवर्षे वापरात होते. कॅनडातल्या ‘बार्ट’ नावाच्या चाचणीत २,३३१ जोखमीच्या रुग्णांवर त्याची दोन जुन्या, स्वस्त औषधांशी तुलना झाली. मोठा रक्तस्राव अॅप्रोटिनिन घेतलेल्यांत कमी होता. पण तीस दिवसांत मरण पावलेले त्या गटात ६ टक्के होते, उरलेल्या दोन गटांत ४ टक्क्यांच्या आसपास. २००७ च्या नोव्हेंबरात औषधाची विक्री थांबली, २००८ मध्ये निष्कर्ष छापून आले. पुढे त्या चाचणीच्या पद्धतीवर आक्षेप घेतले गेले आणि २०१२ मध्ये युरोपच्या औषध-नियामकांनी मर्यादित वापरासाठी औषध परत आणण्याची शिफारस केली. वाद तज्ज्ञांचा तज्ज्ञांपाशी. माझ्यासारखीला त्यातून उचलण्यासारखे इतकेच, की रक्त थांबले का, हा एक प्रश्न आहे आणि माणूस वाचला का, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर हातात आले म्हणून दुसरा विचारायचा राहू नये.

आणि काही गोष्टी कुठल्याच पेल्यात मोजता येत नाहीत. इथून गाडीने चार तासांवर असलेल्या ह्यूस्टनमध्ये मायकेल डिबेकी नावाचे शल्यविशारद होते. लेबनॉनहून आलेल्या स्थलांतरितांचा हा मुलगा आईकडून शिवणकाम शिकला होता. महाधमनीला जोडायची डेक्रॉनची नळी त्याने शिवणयंत्रावर शिवून पाहिली. १९५४ मध्ये डिबेकी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पदर फाटलेली महाधमनी दुरुस्त करून दाखवली. ३१ डिसेंबर २००५ रोजी, वयाच्या ९७ व्या वर्षी, घरी बसले असताना त्यांच्या छातीत कळ आली आणि आपली महाधमनी फाटते आहे हे त्यांनी स्वतःच ओळखले. शस्त्रक्रियेला मात्र ते तयार होईनात. फेब्रुवारीत ते बेशुद्ध झाले. पत्नी आणि त्यांचेच सहकारी शल्यविशारद जॉर्ज नून शस्त्रक्रियेच्या बाजूने होते. मेथडिस्ट रुग्णालयातल्या भूलतज्ज्ञांनी नकार दिला. या वयात कुणी हे केलेले नाही आणि शस्त्रक्रिया नको असे त्यांनीच लिहून दिले आहे, असे त्यांचे म्हणणे होते. रुग्णालयाच्या नीतिसमितीची रात्री उशिरा बैठक बसली. पत्नी बैठकीत घुसल्या आणि आता वेळ घालवू नका म्हणाल्या. शेवटी शस्त्रक्रिया झाली. काही महिने रुग्णालयात काढून डिबेकी घरी परतले, हे केले ते बरेच झाले असे त्यांनी सांगितले, आणि जुलै २००८ मध्ये, शंभरीला दोन महिने उरले असताना, गेले.

ही गोष्ट बहुधा विजयाची म्हणून सांगितली जाते. मला ती तशी सांगता येत नाही. ते टेबलावर गेले असते तर आपण त्याच निर्णयाला अट्टहास म्हटले असते. शेवट गोड झाला म्हणून निर्णय योग्य ठरत नाही. भूलतज्ज्ञ लिहिलेल्या शब्दाला जागत होते, पत्नी नवऱ्याला ओळखत होत्या, आणि दोघांनाही दोष देणे मला जमत नाही. पण माझ्या कामामुळे एक गोष्ट जाणवते. पाऊण तासापूर्वीच्या नमुन्यावर आम्ही आत्ताच्या रक्ताचा निर्णय घेत नाही. इच्छेचा नमुना तर कितीतरी जास्त वेळा घ्यायला हवा, आणि तो घेता येतो तो माणूस शुद्धीवर असतानाच.

उत्तम चमूंकडून शिकण्यासारखे आहे ते हेच. तुतारीची आकृती काढायला ते रक्तस्राव सुरू होण्याची वाट पाहत नाहीत. रुग्णाचे शरीर पुन्हा उबदार होत असतानाच, उतारा देण्याआधी, हेपॅरिनचा परिणाम काढून टाकणाऱ्या पेल्यात नमुना लावतात. टाके पूर्ण होईपर्यंत उत्तर तयार असते. तहान लागल्यावर विहीर खणायची नाही, एवढेच. घाईच्या वेळी मोजत कोण बसणार, या काकांच्या प्रश्नाला माझे उत्तर आता असे आहे: जो घाई होण्याआधी बसतो तो. तातडीच्या क्षणी आपण जे काही नैतिक वागू शकतो त्याचा मोठा भाग कुणीतरी आधीच करून ठेवलेला असतो. कुणी यंत्र तयार ठेवले, कुणी ते वाचायला शिकले, कुणी गेल्या आठवड्यात दंड पुढे केला.

आपल्यापुरते यातले काय उरते? आपल्यातल्या बहुतेकांचे आईवडील साडेदहा-साडेअकरा तासांच्या फरकावर आहेत. रात्री फोन येतो तेव्हा तिकडचा डॉक्टर उत्तर मागत असतो, आणि आपल्याकडे जे असते त्याला प्रेम म्हणतात, माहिती नाही. भारतात सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये अशा इच्छा आधी लिहून ठेवायला मान्यता दिली आणि २०२३ मध्ये प्रक्रिया सोपी केली. आता नोटरीसमोर किंवा राजपत्रित अधिकाऱ्यासमोर साक्षांकन पुरते. इथे टेक्ससमध्ये आपल्या वतीने वैद्यकीय निर्णय कुणी घ्यावा हे साध्या फॉर्मवर लिहिता येते. कागद जरूर करावा. पण कागद एका दिवसाचा असतो आणि माणूस बदलत राहतो. म्हणून पुढच्या भारतवारीत, चहाच्या वेळी, अभद्र बोलू नकोस असे ऐकून घेऊनही, ‘बाबा, तुम्हांला काय हवे?’ हे विचारावे. त्याच्या पुढच्या वारीत पुन्हा विचारावे.